लिहिणं, छापणं आणि पोटमाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईची नोकरी संपवून २०१३ साली मी कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या गावी परत आलो. त्यानंतर स्वतःच्या पैशांनी चार पुस्तकं काढली. चार पुस्तकं काढलेल्या माणसाला सगळं माहीत असतं अशी लोकांची समजूत असते. त्यामुळे बाजारात, लग्नाच्या पंगतीत आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात. ते एकत्र करून उत्तरं लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काका, तुम्ही प्राध्यापक होता का हो?

नाही. बेस्टमध्ये बस कंडक्टर होतो, पस्तीस वर्षं. शिक्षण जुनी अकरावी, तीही दुसऱ्या झटक्यात. पुस्तकावर माझ्या नावाआधी कुणीतरी 'प्रा.' छापतं आणि मग मला ते खोडत बसावं लागतं, म्हणून हा प्रश्न पहिला.

२. मग लिहायची सवय कुठून लागली?

दुसऱ्यांची पत्रं लिहून. १९७४ ला मुंबईत गेलो तेव्हा आमच्या भागातल्या माणसांचा एक गाळा होता. एका खोलीत वीस-बावीस माणसं. पाळी बदलली की झोपणारी माणसंही बदलायची. गिरणीत, गोदीत, हॉटेलात काम करणारी ही माणसं, त्यातल्या निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. रविवारी दुपारी खानावळीतून आलो की माझ्यासमोर रांग लागायची. 'लिही रे, म्हशीचं काय झालं विचार.' 'लिही, पैसे पाठवलेत, खरं थोरल्याला दाखवू नको म्हणावं.'

त्या पत्रांत मी दोन गोष्टी शिकलो. एक, माणूस मुख्य गोष्ट सगळ्यात शेवटी सांगतो, 'ता.क.' मध्ये. दोन, तो बोलतो तसंच लिहिलं तर घरचे पत्र वाचून रडतात. मी त्यात माझी हुशारी घातली तर 'हे पत्र दुसऱ्याच कुणाचं वाटतंय' असं उत्तर येतं. एकदा मी एका बाईला तिच्या नवऱ्याकडून 'प्रिय सौ.' असं लिहिलं होतं. तिला वाटलं नवऱ्याचं डोकं फिरलं. ती मिरजेला गाडी बदलून थेट मुंबईत हजर झाली.

पुढे कंडक्टर झालो. तिकिटांचा गठ्ठा संपला की मागे जाड पुठ्ठा उरायचा. शेवटच्या स्टॉपवर चौकीत दहा मिनिटं मिळायची. पुठ्ठ्यावर चार ओळी लिहायच्या, खिशात टाकायच्या, घरी येऊन वहीत उतरवायच्या. माझी पहिली दोन पुस्तकं अशा पुठ्ठ्यांतूनच आली. म्हणूनच कदाचित माझे परिच्छेद आखूड असतात.

३. माझी शाळा कन्नडमध्ये झाली. मी मराठीत लिहिलं तर चालेल का?

चालेल. घरी मराठी बोलता ना, मग बहुतेक काम झालेलंच आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, त्याची सोय प्रश्न ६ मध्ये आहे. शिवाय कन्नड येणं हा आपला फायदाच आहे. अण्णा, अक्का हे शब्द मराठीने कन्नडकडूनच घेतले आणि आज पुण्यातला माणूससुद्धा ते परके समजत नाही.

४. वहीत लिहावं की मोबाइलवर?

हाताला सवय असेल त्यावर. मी वहीत लिहितो आणि नंतर मोबाइलला वाचून दाखवतो, तो टाइप करतो. पुस्तकी मराठी त्याला बरी कळते. आपलं 'येऊलोय' म्हटलं की तो 'येऊ लय' लिहितो आणि मला जोराने बोलावं लागतं. शेजारच्यांना वाटतं घरात भांडण चाललंय.

मोबाइलवर लिहिलंत तर आठवड्यातून एकदा ते स्वतःलाच ईमेल करा. माझ्या एका मित्राच्या दीडशे पानी आठवणी मोबाइलसकट विहिरीत गेल्या.

५. आपली बोली लिहायची की पुस्तकी मराठी? लोक हसतील ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर.

आपण 'काय करूलास?' म्हणतो. 'पण' च्या जागी 'खरं' म्हणतो : 'मी येणार होतो, खरं पाऊस लागला.' वाक्याच्या शेवटी 'की' लावतो : 'या की, बसा की.' मुंबईत पहिली दोन वर्षं मी हे सगळं गिळून टाकलं होतं. एकदा बसमध्ये एका म्हातारीला सहज 'बसा की अक्का' म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'बेळगावकडचा काय रं?' ती हुक्केरीकडची निघाली. तिने उतरताना मला दोन लाडू दिले. तेव्हापासून मी काही गिळलं नाही.

माझा हिशेब असा आहे. माणसं बोलतात तिथे बोली. तुम्ही स्वतः सांगता तिथे तुम्हाला ज्या भाषेत सलग दहा पानं न अडखळता सांगता येतं ती. पूर्ण पुस्तक बोलीत लिहायचं तर ते शेवटपर्यंत निभवावं लागतं. तिसऱ्या प्रकरणात 'परंतु' आणि 'तथापि' उगवलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं. आपल्या भागात हे निभवून दाखवणारी माणसं झाली आहेत. निपाणीचे महादेव मोरे यांनी ड्रायव्हरी केली, गॅरेज बघितलं, पिठाची गिरणी चालवली आणि तिथल्याच माणसांच्या तोंडची भाषा मराठी कथेत आणली. याच बेळगावात राहून इंदिरा संतांनी अगदी वेगळ्या, नितळ प्रमाण मराठीत कविता लिहिली. दोन्ही आपलंच. कुणाला बोली झेपेल, कुणाला नाही, पण लाज वाटते म्हणून बोली टाळू नका.

एक सूचना. बोलीतला अवघड शब्द कंसात समजावून सांगू नका. वाक्यच असं करा की पुण्यातल्या वाचकाला अर्थ लागेल. आणि शब्द एकाच प्रकारे लिहा. एका पानावर 'करूलास', दुसऱ्यावर 'करुलास', तिसऱ्यावर 'करूलैस' असं झालं तर ती बोली वाटत नाही, छपाईची चूक वाटते. माझ्याकडे यासाठी एक वेगळी वही आहे.

६. शुद्धलेखन कोण तपासून देतं?

निवृत्त मराठी शिक्षक. आपल्या प्रत्येक मोठ्या गावात एक तरी असतो आणि त्याला कुणी काम सांगत नाही म्हणून तो कंटाळलेला असतो. मात्र आधीच सांगा की 'नियम लावा, भाषा बदलू नका.' मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम एकूण अठराच आहेत : १९६२ चे चौदा आणि १९७२ ला जोडलेले चार. अठरा नियम घरी वाचून होतात. पात्रांच्या तोंडी 'असं झालं', 'केलं' लिहायला नियमांचीच मुभा आहे, हे गुरुजींना हळूच दाखवता येतं.

मोबदला द्या. नारळ-शाल नव्हे, पैसे.

७. पुस्तक काढायला खर्च किती येतो?

आकडा सांगत नाही, कारण कागदाचा भाव सहा महिन्यांत बदलतो आणि मग लोक माझा आकडा घेऊन प्रेसवाल्याशी भांडतात. पण हिशेब कसा बसतो ते सांगतो.

छापखाना पानांत मोजत नाही, फर्म्यात, म्हणजे एकदम छापून दुमडल्या जाणाऱ्या पानांच्या जुडीत मोजतो. डेमी आकाराचं, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचाचं पुस्तक घ्या. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर ११२ पानं म्हणजे बरोबर सात फर्मे. मजकूर ११५ पानं झाला तर तुम्ही आठ फर्म्यांचे पैसे देता आणि तेरा पानं कोरी जातात. त्यामुळे तीन पानं कापा. कुठली कापायची हे कळत नसेल तर 'मनोगत' कापा.

डेमी पानावर चौदा पॉइंटात अडीचशे ते पावणेतीनशे शब्द बसतात. आपले वाचक साठीच्या पुढचे, त्यामुळे चौदाच्या खाली जाऊ नका. आत सत्तर जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो कागद पुरतो. बांधणी मात्र शिलाईची घ्या. नुसती गोंदाची बांधणी आमच्या खानापूरच्या पावसात दोन वर्षांत सुटते आणि वाचणाऱ्याच्या मांडीवर पत्त्यांसारखी पानं पडतात. डीटीपी (संगणकावर पानं जुळवणं), मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधन यांचे पैसे वेगळे. छपाईच्या दरात ते धरलेत का, हे आधी विचारून घ्या.

८. किती प्रती काढू?

तुमच्या मनात आलेल्या आकड्याचा चौथा हिस्सा.

माझं पहिलं पुस्तक मी हजार काढलं. प्रेसवाला म्हणाला, पाचशे आणि हजारात फार फरक पडत नाही. एका प्रतीचा दर बघितला तर हजारच स्वस्त पडत होतं. ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईला, प्लेट करायचा खर्च एकदाच येतो, प्रती वाढल्या की तो वाटला जातो. पण हजार पुस्तकं ठेवायची कुठं याला दर नसतो. मी ती पोटमाळ्यावर ठेवली. पहिल्या पावसाळ्यात बुरशी आली, दुसऱ्यात कसर लागली, तिसऱ्यात वाळवीने खालचे दोन गठ्ठे पोखरले, वरून एकदम नवे दिसत होते. एकूण तीनशे पुस्तकं लोकांकडे गेली. त्यातली दोनशे फुकट. उरलेल्यांतली बरीच रद्दीत गेली आणि एकदा खानापुरात भडंगाच्या पुडीवर मला माझ्याच आईचं मरण वाचायला मिळालं.

आता मी आधी यादी करतो. नावं लिहितो, आकडा नाही : कोण विकत घेईल, कुणाला द्यायचंच आहे, कुठली वाचनालयं. तिसऱ्या पुस्तकाला ती यादी १३७ वर थांबली. मी दीडशे काढली. इतक्या कमी प्रतींना डिजिटल छपाई परवडते, प्लेटचा प्रश्नच येत नाही. दोनशे-तीनशेच्या पुढे जायचं असेल तर दोन्हींचे दर घेऊन तुलना करा. संपलं तर पुन्हा काढता येतं. माझं तिसरं संपलं. पुन्हा पन्नास काढली.

९. छापून आल्यावर अक्षरं का मोडतात?

कारण तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिता आणि कित्येक प्रेसमध्ये अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालतात. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना काही अक्षरं घसरतात. पहिला बळी 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यातला तो चंद्रासारखा अर्धा र. माझ्या दुसऱ्या पुस्तकात एका प्रेसने 'वाऱ्यावर'चं सगळीकडे 'वार्यावर' केलं, आणि मी प्रुफं न बघता सही केली होती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

पहिलं प्रूफ कागदावर मागा, स्क्रीनवर नको. आधी फक्त तो अर्धा र शोधत सगळं पुस्तक चाळा. मग 'क्ष', 'ज्ञ', 'श्र'. मग अवतरणचिन्हं. वाचन त्यानंतर.

१०. आयएसबीएन घ्यावाच लागतो का? आणि सरकारला प्रती पाठवायच्या असतात म्हणे?

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, सक्तीचा नाही. दुकानात, ऑनलाइन विकायचं असेल, मोठ्या ग्रंथालयात जावं असं वाटत असेल तर घ्या. तो फुकट मिळतो. दिल्लीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा आणि लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. तेरा आकडे असतात. 'काढून देतो, इतके द्या' असं म्हणणारा भेटला तर तो फॉर्म भरण्याचे पैसे घेतोय एवढं ध्यानात ठेवा. जसंच्या तसं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच क्रमांक चालतो. मजकूर बदलून नवी आवृत्ती काढली किंवा ई-बुक केलं तर नवा.

प्रतींचं मात्र खरं आहे, आणि हे फार कमी लोक पाळतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रकाशित झाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने चार ठिकाणी एकेक प्रत पाठवायची असते : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः छापलंत म्हणजे प्रकाशक तुम्हीच. मी पाठवतो. वाळवी माझ्या पोटमाळ्यावर येईल, कोलकात्यात एक प्रत राहील.

११. पुस्तकावर बेळगाव छापू की बेळगावी?

१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी आहे. आयएसबीएनच्या अर्जावर ओळखपत्रात असेल तेच लिहा, नाहीतर अर्ज परत येतो आणि तिथे भांडण्यात अर्थ नाही. मुखपृष्ठाच्या आत मी बेळगाव छापतो. आमच्या आजीने आयुष्यभर तेच म्हटलं. पोस्टमनला पिनकोड बरोबर असला की पुरतं. सीमाप्रश्नावर माझं मत काय, असाही प्रश्न याच्या मागे असतो. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मी पुस्तकात एवढंच लिहिलंय की १९५६ साली, बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं तेव्हा, आमच्या घरात काय बोलणं झालं. ते मला वडिलांनी सांगितलं, म्हणून लिहिता आलं.

१२. वडिलांची, मित्रांची जुनी पत्रं पुस्तकात घालता येतील का?

कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, त्याच्यानंतर वारसांचा. लेखक हयात असताना छापलेल्या मजकुराला तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, न छापलेल्या पत्रांची साठ वर्षं ती पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात. वडिलांच्या पत्रांसाठी भावंडांना विचारा. कायद्यासाठी नाही तरी दिवाळीला तोंड दाखवायचं असतं म्हणून. मित्राचं पत्र असेल तर मित्राची लेखी परवानगी घ्या, दोन ओळी पुरतात.

तुमच्या स्वतःच्या लिखाणावर हक्क लिहिल्याक्षणी तयार होतो. नोंदणी करता येते, पण ती केली नाही म्हणून हक्क जात नाही.

आणि मी गाळ्यात दुसऱ्यांसाठी लिहिलेली पत्रं (प्रश्न २)? तोंड त्यांचं, हात माझा. एका वकिलाला विचारलं, तो हसला. मी ती छापत नाही.

१३. गावातल्या माणसांची खरी नावं घालू का?

चांगलं लिहिणार असाल तरी विचारा. मी एका काकूचं कौतुक केलं होतं, की त्यांनी एकटीने सात मुलं वाढवली. नवरा अजून जिवंत होता. तो काठी घेऊन आला.

वाईट लिहिणार असाल तर नाव, गल्ली, धंदा, लकब सगळं बदला. 'पण ते खरं आहे' हे पुरत नाही. बदनामीच्या फौजदारी कायद्यात नुसतं खरं असून चालत नाही, ते सांगणं लोकांच्या हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. आणि कोर्टापर्यंत गोष्ट जायच्या आधी ती देवळाच्या कट्ट्यावर जाते.

१४. प्रस्तावना कुणाकडून घ्यावी?

कुणाकडूनच नको. चौथ्या पुस्तकाची प्रस्तावना यायला चौदा महिने लागले. पुस्तक मी चार महिन्यांत लिहिलं होतं.

१५. विकायचं कुठं? पोस्टाने कसं पाठवायचं?

हिवाळ्यात. आपल्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी असते, लेझीम असतं, मांडवात जेवण असतं. दिंडी संपून माणसं जेवायला बसायच्या आधीचा तासभर पुस्तकं विकली जातात. जेवणानंतर कुणी घेत नाही, झोप आलेली असते. सुट्टे पैसे जवळ ठेवा. कंडक्टरचा सल्ला आहे.

पोस्टात १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' नावाची सोय आहे. पुस्तकांसाठीच आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर, जास्तीत जास्त पाच किलो. आत जाहिरातीचा कागद घालू नका.

१६. लिहिण्याशिवाय दुसरा काही छंद?

तीन आहेत. पाऊस मोजतो. सरळ उभ्या बाजूंचा डबा अंगणात ठेवायचा, रोज सकाळी आठला पट्टीने मिलिमीटर बघायचे, वहीत टाकायचे. कणकुंबीच्या बाजूला आमच्यापेक्षा किती जास्त पडतो हे तिथल्या मेव्हण्याला फोन करून विचारायचं आणि तो फुगवून सांगतो म्हणून थोडा कमी लिहायचा.

शुक्रवारी भजन, त्यात मी टाळ. गळा नाही.

तिसरा, जुनी पुस्तकं बांधतो. मैद्याची खळ करायची, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा म्हणजे कसर लागत नाही. हे पोटमाळ्याच्या प्रकरणानंतर शिकलो (प्रश्न ८). गावच्या देवळातल्या पोथ्या आता माझ्याकडे येतात. मोरचूद विषारी असतो, हात धुवा आणि पोरांपासून लांब ठेवा.

१७. नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही. मराठी पुस्तक कन्नड लिपीत छापलं तर?

छापता येतं, कुणी अडवत नाही. मी एकच केलंय, तेही बारा पानांचं.

माझी नात बेंगळुरूत शिकते. मराठी बोलते, वाचत नाही. मी तिला फोनवर एक गोष्ट सांगितली आणि तिने ती कन्नड अक्षरांत उतरवून घेतली. 'ळ'ची अडचणच आली नाही, कन्नडला तो आहे. अडलं ते 'ए' आणि 'ओ' पाशी. कन्नडमध्ये त्यांचं ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळं लिहितात, आपण एकच लिहितो, त्यामुळे दर शब्दाला ती विचारायची, 'आजोबा, छोटा की मोठा?' मला तोवर माहीतच नव्हतं की मी दोन्ही बोलतो. मग 'चाक' आलं. ते तिने 'चार'मधल्या 'च'ने वाचलं. आपल्या लिपीतही दोन्ही 'च' सारखेच दिसतात, आपण कानाने वाचतो एवढंच. मी फोनवरच दहा वेळा म्हणून दाखवलं. तिने त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने एक टिंब दिलं.

बारा पानं मी शिवली. दोन प्रती. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मला कन्नड येतं, पण हळू, बोट ठेवून वाचावं लागतं. त्या टिंबापाशी आलो की बोट थांबतं.